विद्यापीठातली नोकरी, प्रोजेक्टची जागा, सीएचबी (तासांवर शिकवणं) वगैरे: सातारा-सांगलीच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

कराड, विटा, फलटण, मिरज, इस्लामपूर, जत, कुठनं पण मेसेज येऊ दे, प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. क्रम असा काही लावलेला नाही, पण पहिला प्रश्न सगळ्यांनी वाचा, त्याच्याशिवाय पुढचं निम्मं कळणार नाही.

"विद्यापीठात जागा निघाल्यात" असं कळलं. म्हणजे नक्की काय निघालंय?

हेच आधी विचारायचं. विद्यापीठाच्या आवारात काम करणारा प्रत्येक माणूस विद्यापीठाचा पर्मनंट नोकर नसतो. पगार कुणाच्या खिशातनं येतो ते बघा, त्यावर मुदत, रजा, पीएफ, परीक्षा, जाहिरात कुठं येणार, सगळं ठरतं. शासनानं मंजूर केलेलं पद असेल तर पगार शासनाचा, पण त्या पदाला आधी परवानगी लागते, बिंदूनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला ते दाखवणारी यादी) तपासून घ्यायला लागते, मग जाहिरात, मग छाननी, मग कुणीतरी कोर्टात जातं, आणि माणूस रिटायर झाला तरी खुर्ची वर्षानुवर्षं रिकामीच राहते. ती खुर्ची चालवायला विद्यापीठ किंवा कॉलेज स्वतःच्या फंडातनं कंत्राटी माणूस घेतं, बऱ्याचदा ११ महिन्यांच्या ऑर्डरवर. तिसरा प्रकार प्रोजेक्टचा, पैसे दिल्लीतनं किंवा एखाद्या कंपनीकडनं येतात आणि प्रोजेक्ट संपला की जागा पण संपते. चौथा प्रकार ठेकेदाराचा, म्हणजे काम विद्यापीठात पण तुम्ही नोकर एजन्सीचे.

गावात बातमी येताना हे चारही प्रकार एकच होऊन येतात, "पोरगं युनिव्हर्सिटीत लागलं". त्यामुळं जाहिरात हातात आली की आधी दोन शब्द शोधा, पद कायम आहे का तात्पुरतं, आणि वेतनश्रेणी लिहिलीय का "एकत्रित मानधन". मानधन लिहिलं असेल तर तो पगार नव्हे, वार्षिक वाढ आणि महागाई भत्ता त्यात नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांना लागू असणारी विद्यापीठं नक्की कुठली?

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक साधी कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, १९६२ पासून. साताऱ्यात रयतच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, म्हणजे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ, ते अभिमत, म्हणजे केंद्रानं विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था, मेडिकलच्या अंगानं मोठं. भारती विद्यापीठ पुण्याचं अभिमत, पण मेडिकल कॉलेज सांगलीत पण आहे. शेतीचं सगळं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं. सांगलीचं वालचंद आणि कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग ही विद्यापीठं नव्हेत, पण रिसर्चच्या जागांसाठी त्यांच्यावर पण लक्ष ठेवायला पाहिजे.

अभिमत विद्यापीठाची भरती त्यांची ते करतात, पगाराचं पण तसंच, तिथं आधी काम करणाऱ्या माणसाला भेटून विचारलेलं बरं. हातात पगार वेळेवर येतो का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी भरपूर.

जाहिराती कुठं बघायच्या? मला नेहमी तारीख गेल्यावरच कळतं.

सगळ्यांचं हेच. पर्मनंट पदाची जाहिरात पेपरात येते, पुढारी, सकाळ, लोकमत वगैरे, पण पेपरात आता चार ओळीच असतात, "सविस्तर जाहिरात संकेतस्थळावर". प्रोजेक्टची जागा मात्र पेपरात बहुतेक वेळा येतच नाही. ती विद्यापीठाच्या वेबसाईटवर एका कोपऱ्यात पीडीएफ म्हणून पडते, कधी "रिक्रूटमेंट"मध्ये, कधी "नोटीस"मध्ये, कधी फक्त त्या डिपार्टमेंटच्या पानावर, आणि मुदत दहा-पंधरा दिवसांची. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी पाच-सहा वेबसाईट स्वतः उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या नोकरी ग्रुपवर जे येतं ते शिळं असतं, नाहीतर त्यात वेबसाईटचा पत्ताच कापलेला असतो म्हणजे तुम्ही त्यांच्याच ॲपवर जावं.

त्याच्यापेक्षा चांगली युक्ती सांगतो. नवीन प्रोजेक्ट कुणाला मंजूर झालाय ते आधी शोधा. विद्यापीठाच्या बातम्यांत, डिपार्टमेंटच्या पानावर, एखाद्या सरांच्या सत्काराच्या फोटोखाली ते लिहिलेलं असतं. प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या केंद्राच्या संस्था अशा: आधी ज्याला सर्ब म्हणायचे त्याच्या जागी आता एएनआरएफ आलंय, शिवाय डीएसटी, डीबीटी, आयसीएमआर, समाजशास्त्रवाल्यांना आयसीएसएसआर. प्रोजेक्ट मंजूर झाला की बहुतेक वेळा माणूस लागतोच, जाहिरात मागनं येते.

प्रोजेक्टच्या जागेला पैसे किती मिळतात?

जेआरएफचा (ज्युनियर रिसर्च फेलो) केंद्राचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफचा (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००, अधिक घरभाडं. दोन वर्षं जेआरएफ झालं की कामाचा आढावा घेऊन एसआरएफ करतात. डॉक्टरेट झालेल्यांना रिसर्च असोसिएट म्हणून घेतात, ते ५८,००० पासून सुरू होतं. पण हे पूर्ण दर नेट किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षा पास झालेल्यांना. नेट नसेल तर बहुतेक वेळा पदाचं नावच बदलतं, प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट, फील्ड वर्कर, आणि आकडा पण खाली येतो.

घरभाड्यात एक गंमत आहे जी कुणी सांगत नाही. घरभाड्यासाठी केंद्रानं शहरांचे गट पाडलेत, त्या यादीत कोल्हापूर आणि सांगली वाय गटात, सातारा आणि कराड झेड गटात, आणि झेडचं घरभाडं वायच्या निम्मं. म्हणजे तेच काम, तोच दर, पण साताऱ्यात बसलात तर महिन्याला काही हजार कमी. हॉस्टेलला खोली दिली तर घरभाडं मिळत नाही हे पण लक्षात ठेवा.

आणि पहिले काही महिने पैसे उशिरा येणार हे धरूनच चाला. ग्रँटचा हप्ता दिल्लीतनं यायचा, मग विद्यापीठाच्या अकाउंट सेक्शनमधनं फाईल फिरायची, मार्च-एप्रिलला तर सगळंच थांबतं. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे तेवढे घरनं सांगून ठेवा.

नेट-सेट काहीच नाही. तरी रिसर्चमध्ये शिरता येतं का?

येतं. फील्ड वर्कर, सर्व्हे, डेटा एन्ट्री, लॅब टेक्निशियन, नमुने गोळा करणं, या कामांना नेट लागत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या भागातल्या पोरांची इथं जोरदार बाजू आहे. कास पठारावर किंवा कोयना-चांदोलीच्या जंगलात फिरायचं, तासगावच्या द्राक्षबागेत शेतकऱ्याशी बोलायचं, ऊसतोड टोळ्यांचा सर्व्हे करायचा, हे काम बाहेरनं आलेल्या टॉपरला जमत नाही, शेतकरी त्याच्याशी धड बोलतच नाही. तुम्हाला भाषा येते, रस्ता माहिती असतो, मोटरसायकल असते. अर्जात हे लिहा की! पोरं "हार्ड वर्किंग, पंक्च्युअल" लिहितात आणि वडिलांची तीन एकर द्राक्षबाग आहे, औषधांचं वेळापत्रक स्वतः सांभाळतो, हे लिहायचं विसरतात.

सायन्सवाल्यांनी मशीन चालवायला शिकून घ्यावं. विद्यापीठात एक्सआरडी, एसईएम, एचपीएलसी अशी महागडी यंत्रं असतात आणि ती नीट चालवणारा माणूस कुठंच पुरेसा नसतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला जे यंत्र वापरलं त्याच्या ऑपरेटरशी मैत्री करा, चार महिने त्याच्या मागं बसा.

विद्यापीठ सोडून आपल्या भागात संशोधनाची ठिकाणं आहेत का?

आहेत, आणि लोकांना माहितीच नसतात. कराडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासाची केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स लॅब आहे, १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागात जे हादरे बसत राहिले त्यांचा अभ्यास करायला जमिनीत खोल भोकं पाडून तिथं काम चालतं, जिऑलॉजी-फिजिक्सवाल्यांनी तिथल्या जाहिराती बघाव्यात. पाडेगावला ऊस संशोधन केंद्र, १९३२ पासूनचं. कसबे डिग्रजला हळदीचं. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था. यातली शेतीची बरीचशी राहुरीच्या अंडर, म्हणून जाहिरात राहुरीच्या वेबसाईटवर, आणि आपण शोधतो कोल्हापूरच्या.

प्राध्यापकांना डायरेक्ट मेल केला तर चालतो का? काय लिहायचं?

चालतो, पण मेल असा नको की "रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब" आणि सीसीमध्ये पन्नास सर. ते बघितल्या बघितल्या कळतं. सरांचे अलीकडचे दोन संशोधनाचे पेपर वाचा, निदान त्यातल्या आकृत्या तरी समजून घ्या, मग पाच-सात ओळीत लिहा की मी अमुक कॉलेजचा, एमएस्सीला हे केलं, ही यंत्रं चालवलीत, तुमच्या अमुक कामात मला हे करता येईल, जागा असेल तर कळवावं. सोबत एका पानाचा बायोडेटा, पीडीएफमध्ये, फाईलला स्वतःचं नाव. "न्यू सीव्ही फायनल टू" असल्या फाईली पाठवू नका.

उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर सोडून द्या. आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटून या. सांगली-मिरजेहून कोल्हापूर काही लांब नाही, एसटी आहे, रेल्वे आहे. फक्त परीक्षेच्या आणि नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठाला दर्जा देणाऱ्या समितीच्या तपासणीच्या) दिवसात जाऊ नका, त्या वेळी सर कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नसतात.

इंटरव्ह्यूमध्ये इंग्लिश लागतंच का? मी मराठी मीडियमचा.

प्रोजेक्टच्या इंटरव्ह्यूला समोर तीन-चार माणसं असतात, त्यातली निम्मी आपल्यासारखीच जिल्हा परिषदेच्या शाळेतनं आलेली. मोडकं इंग्लिश चालतं, अडलं तर "सर, मराठीत सांगू का" म्हणून विचारा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. चालत नाही ते वेगळंच असतं, स्वतःच्या एमएस्सी प्रोजेक्टचं शीर्षक सांगता येतं पण त्यात काय केलं ते सांगता येत नाही. पॅनल नव्वद टक्के वेळ तिथंच घालवतं. तुम्ही वापरलेली पद्धत, ती का वापरली, चुकलं असतं तर कसं कळलं असतं, एवढं तीन मिनिटांत बोलायची तयारी करा, घरात भावाला समोर बसवून.

वॉक-इन, म्हणजे ठरल्या दिवशी थेट मुलाखत असेल तर मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन जा. जायचा-यायचा खर्च मिळत नाही, जाहिरातीत तसं लिहिलेलंच असतं.

नेट, सेट, पीएचडी, आधी काय करू?

असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर पदव्युत्तरला ५५ टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला ५०, आणि त्याच्यावर नेट किंवा सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) किंवा पीएचडी. जुलै २०२३ पासून पीएचडी सक्तीची राहिली नाही, पण गुण देताना पीएचडीला वजन आहेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात कॉलेजसाठी जो तक्ता आहे त्यात पीएचडीला २५, जेआरएफला १०, नेटला ८, सेटला ५. विद्यापीठासाठीचा तक्ता वेगळा, आणि राज्य शासन पण निवडीच्या गुणांत अधूनमधून बदल करतं, म्हणून जाहिरातीला जो तक्ता जोडलाय तोच धरा.

माझं मत विचाराल तर एमए-एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासूनच नेट आणि सेट दोन्ही देत राहायचं. नेट साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि तिला वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण पण कापत नाहीत. सेट फक्त महाराष्ट्र-गोव्याच्या भरतीत चालते, नेट देशभर. यूजीसी नेटमध्ये जेआरएफला वयाची मर्यादा ३०, मुलींना आणि राखीव प्रवर्गाला पाच वर्षं जास्त. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश पण मिळतो.

पीएचडीला घाईनं नाव नोंदवू नका. किमान तीन वर्षं, कमाल सहा असा नियम आहे, मुदतवाढ वेगळी, आणि गाईड कसा आहे यावर तुमचं आयुष्य ठरतं. गाईडकडं आधी कोण कोण होतं, त्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठंयत, हे विचारायला लाजू नका. लग्न ठरवताना पाहुण्यांची इतकी चौकशी करतो, तर इथं का नको.

फेलोशिप कुठल्या मिळतात?

अनुसूचित जातीला बार्टी, मराठा-कुणबी समाजाला सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांना महाज्योती, आदिवासींना टीआरटीआय, यांच्या पीएचडीच्या फेलोशिप आहेत. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आहे. एका वेळी एकच घेता येते आणि फेलोशिप चालू असताना पगाराची नोकरी चालत नाही. जाहिराती उशिरा निघतात, पैसे त्याहून उशिरा येतात, पोरांना पुण्याला उपोषणाला बसायला लागलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय.

सीएचबी मिळतीय. घेऊ का?

सीएचबी, म्हणजे क्लॉक अवर बेसिस किंवा तासिका तत्त्व, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिलं वर्षाच्या शेवटी एकदम निघाली तर त्यात पण नवल नाही. घरात दुसरं उत्पन्न असेल, गावातलंच कॉलेज असेल आणि नेटचा अभ्यास चालू असेल तर एक-दोन वर्षं जरूर घ्या, शिकवायची सवय लागते. पण जत किंवा आटपाडीहून रोज स्वतःच्या पेट्रोलनं कराडला जाऊन सीएचबी करणं हे गणित जमत नाही, मी कुणालाच तसं सांगणार नाही. सहा-सात वर्षं त्यात अडकलेले, चाळिशीला आलेले हुशार लोक प्रत्येक कॉलेजात आहेत.

घेतलीच तर नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र आणि दरवर्षीचं अनुभव प्रमाणपत्र लगेच मागून घ्या. प्राचार्य बदलले की मागचं प्रमाणपत्र काढायला फार हेलपाटे पडतात. तो अनुभव धरायचा का नाही हे पुढच्या भरतीच्या अटींवर असतं, पण कागदच नसेल तर प्रश्नच मिटला.

क्लार्क, लॅब असिस्टंट, लायब्ररीतल्या जागांसाठी काय लागतं?

कनिष्ठ लिपिकाला पदवी, मराठी ३० आणि इंग्लिश ४० शब्दांची टायपिंग, एमएससीआयटी. यातलं टायपिंगच सगळ्यांचं राहिलेलं असतं, जाहिरात आल्यावर क्लास लावून काही होत नाही, परीक्षेचा निकाल यायलाच महिने जातात. आत्ता लावा. प्रयोगशाळा सहाय्यकाला सायन्स, परिचराला त्याहून कमी. ग्रंथपाल हे मात्र प्राध्यापकाच्या तोडीचं पद आहे, त्याला लायब्ररी सायन्समधलं नेट-सेट लागतं, नुसती बीलिब करून ग्रंथपाल होता येत नाही.

शिक्षकेतर पदांना वयाची अट साधारण खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र पण मागतात, २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, "सरकारी म्हणजे पेन्शन" या हिशोबात राहू नका.

एजन्सीमार्फत लागलात तर पीएफ कापतात का आणि यूएएन नंबर (पीएफ खात्याचा क्रमांक) दिलाय का ते पहिल्याच महिन्यात उमंग ॲपवर तपासा. पगारातनं कापलेलं आणि खात्यात भरलेलं वेगळं निघालं की लेखी तक्रार करा.

दाखले कुठले तयार ठेवू?

जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाईल, सगळ्या मार्कलिस्ट, पदवी प्रमाणपत्र. पोरं प्रोव्हिजनलवर वर्षं काढतात आणि पदवी प्रमाणपत्र काढतच नाहीत, ते आधी काढा. वैधता एकदा मिळाली की आयुष्यभर चालते, बारावी सायन्सला ज्यांनी काढली ते सुटले, आर्ट्स-कॉमर्सवाले इथं अडकतात. नॉन क्रीमीला मुदत असते, जाहिरातीच्या शेवटच्या तारखेला ती चालू पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीला नॉन क्रीमी लागत नाही.

राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा. पुण्यातल्या केंद्राच्या संस्थेत अर्ज करताना ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. मराठा समाजाचं एसईबीसी (राज्यानं दिलेलं आरक्षण) राज्याच्या भरतीत चालतं, केंद्रात नाही, तिथं उत्पन्नाच्या आणि जमिनीच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). सेतूवाल्याला कुठल्या कामासाठी पाहिजे ते स्पष्ट सांगा, नाहीतर तो जो नमुना उघडा असेल त्यात काढून देतो.

लग्नानंतर नाव बदललं, मार्कलिस्ट माहेरच्या नावानं. अडचण येईल का?

अर्ज मार्कलिस्टवरच्या नावानं करा, तेच सोपं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा आणि राजपत्रात नाव बदलाची नोंद केली असेल तर तेही. आधार एका नावानं, पॅन दुसऱ्या, बँक तिसऱ्या असं असेल तर पगार सुरू होताना अडतंच, म्हणून आधीच एकसारखं करा.

संस्थेनं जागेसाठी पैसे मागितले. सगळेच देतात म्हणे.

देऊ नका. सगळेच देत नाहीत, देणारे जास्त बोलतात. याला पावती नसते, विद्यापीठाची किंवा शासनाची मान्यता अडली तर नोकरी पण नाही आणि पैसे पण नाहीत, आणि शेत विकून दिलेले पैसे परत मागायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार? अनुदान घेणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचाराच्या कायद्यात लोकसेवक धरले जातात, लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. आणि "मंत्रालयात ओळख आहे, पर्मनंट करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून परत पाठवा, चहाचे पैसे तेवढे गेले.

"तीन हजारात पेपर छापून देतो" असे मेसेज येतात. गुणांसाठी छापू का?

नको. २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नलची यादी) बंद केली, त्याचा अर्थ काहींनी "आता काहीही चालतं" असा घेतलाय. पॅनलवरच्या माणसाला जर्नलचं नाव बघून कळतं, आणि तसले चार पेपर असले तर पाचवा खरा पेपर पण संशयात जातो. एमएस्सीच्या कामातनं सरांबरोबर एकच नीट पेपर काढा, वर्ष लागलं तरी लागू दे.

ऑनलाईन अर्ज भरला, परत हार्ड कॉपी पाठवायची का?

जाहिरातीत लिहिलं असेल तर हो, आणि मुदतीच्या आत पोचली पाहिजे, पाठवलेली तारीख धरत नाहीत. स्पीड पोस्टनं पाठवा, पाकिटावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक, स्वयंसाक्षांकित प्रतींवर प्रत्येक पानावर सही. कोल्हापूरला स्वतः नेऊन देणार असाल तर आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या, डिपार्टमेंटमधल्या ओळखीच्या शिपायाकडं देऊन येऊ नका.